डोळ्यातला पडदा सुटतो तेव्हा

दुखणे किती गंभीर आहे, हे आपण बहुधा कळांवरून ठरवतो. दाढ ठणकू लागली की माणूस रात्रभर येरझाऱ्या घालतो आणि उजाडताच दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसतो. विंचू चावला तर मध्यरात्री सगळी आळी जागी होते. डोळ्यात कुसळ गेले तर हातातले काम टाकून आपण आधी ते काढून घेतो. जे दुखते ते आधी, जे दुखत नाही ते सवडीने, असा आपला पिढ्यानुपिढ्यांचा हिशेब आहे. आणि पुष्कळ दुखण्यांत तो चालूनही जातो.

डोळ्याच्या एका आजारात मात्र हा हिशेब माणसाला पुरता फसवतो. त्या आजाराविषयी आज मला आपल्याशी बोलायचे आहे. डोळ्याच्या आत, अगदी मागच्या बाजूला, एक पडदा असतो. तो आपल्या जागेवरून सुटतो. बोलण्यात आपण म्हणतो, 'अमक्याच्या डोळ्याचा पडदा सरकला.' या आजारात डोळा लाल होत नाही, सुजत नाही, त्यातून पाणी गळत नाही, ठणका तर मुळीच नसतो. समोरून पाहणाऱ्याला तो डोळा दुसऱ्या डोळ्याइतकाच निकोप दिसतो. आणि तरीही वेळेवर उपाय झाला नाही, तर थोड्या दिवसांत त्या डोळ्याची दृष्टी कायमची जाऊ शकते.

मी वैद्यकशास्त्राचा अधिकारी नव्हे. पण या आजाराची पहिली ओळख डॉक्टरला होतच नाही. ज्याच्या डोळ्याला तो होतो त्याला, किंवा त्याच्या घरच्या माणसाला, ती व्हावी लागते. डॉक्टर फार चांगले आहेत, साधने फार चांगली आहेत. पण माणूस त्यांच्यापर्यंत वेळेत पोहोचला तर. म्हणून ही ओळख आपल्यासारख्या सामान्य माणसांना असणे जरुरीचे आहे.

हा पडदा म्हणजे काय, ते आधी पाहू. आपला डोळा म्हणजे सुमारे २४ मिलिमीटर व्यासाचा, मोठ्या आवळ्याएवढा एक गोळा आहे. समोर काचेसारखी स्वच्छ खिडकी, तिच्यामागे बाहुली आणि बाहुलीच्या मागे भिंग. मोतीबिंदू होतो तो या भिंगाला. भिंगातून आत गेलेला प्रकाश डोळ्याच्या मागच्या भिंतीवर पडतो. त्या भिंतीला आतून अस्तर लावावे तसा एक अतिशय पातळ थर असतो. हाच आपला पडदा. शाळेच्या पुस्तकात त्याला दृष्टिपटल म्हणतात. त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या वर जात नाही. पण तेवढ्यात अंधुक उजेडात काम करणाऱ्या सुमारे १२ कोटी पेशी आणि रंग व बारकावे टिपणाऱ्या सुमारे ६० लाख पेशी दाटीवाटीने बसलेल्या असतात. आपण जे काही पाहतो, ते आधी या पडद्यावर उमटते आणि मग मेंदूकडे जाते.

डोळ्याची मधली पोकळी रिकामी नसते. तिच्यात ताडगोळ्याच्या गरासारखा पारदर्शक, थलथलीत पदार्थ भरलेला असतो. तो जवळजवळ सगळा पाणीच असतो, पण तरुणपणी तो घट्ट बांधलेला असतो आणि पडद्याला सगळीकडून लागून असतो. वय पन्नाशी-साठीकडे झुकले की हा गर पातळ होतो, आक्रसतो आणि एक दिवस पडद्यापासून अलग होतो. केस पिकतात तितकेच हे स्वाभाविक आहे आणि बहुतेकांच्या डोळ्यात ते काहीही न बिघडता पार पडते. परंतु एखाद्याच्या डोळ्यात हा गर पडद्याला कोठेतरी जास्त घट्ट चिकटलेला असतो. अलग होताना तो तेथे पडद्याला ओढतो, आणि पडदा नाजूक असला तर त्या ठिकाणी फाटतो.

आता पुढचा प्रकार ध्यानात घ्या. पावसाळ्यात भिंतीच्या गिलाव्याला बारीकशी चीर पडली म्हणजे काय होते, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या चिरेतून पाणी गिलाव्याच्या मागे शिरते. आधी थोडा फुगारा येतो. बोटाने वाजवले तर पोकळ आवाज येतो. मग आणखी पाणी शिरते, आणि बघता बघता हातभर गिलावा भिंतीपासून सुटून येतो. डोळ्यात नेमके हेच घडते. फाटलेल्या जागेतून आतले पाणी पडद्याच्या मागे शिरते आणि पडदा भिंतीपासून उचलला जातो. सुरुवातीला कडेला थोडासा. मग तो मधल्या भागाकडे पसरत येतो.

पडदा सुटला तरी फाटून पडत नाही, आतच असतो. मग दृष्टी का जाते? त्याचे कारण असे की पडद्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशींचे पोषण मागच्या, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या थरातून होते. भाताचे रोप तरव्यातून उपटले की ते त्याच क्षणी मरत नाही. मुळांना ओल असते तोवर ते तग धरून राहते. वेळेत खाचरात लावले तर पुन्हा धरते. बांधावरच पडून राहिले तर मग कितीही पाणी घाला, ते हिरवे होत नाही. सुटलेल्या पडद्याचेही असेच आहे. त्याला पुन्हा जागेवर बसवता येते. पण त्यातल्या पेशी जिवंत आहेत तोवर बसवला, तर त्याचा उपयोग.

आता या आजाराच्या खुणा सांगतो. त्या तीन आहेत. कृपा करून लक्षात ठेवा.

पहिली खूण म्हणजे चमक. डोळ्याच्या कडेला, विशेषतः अंधारात किंवा मान हलवताना, वीज लखलखल्यासारखे दिसते. बाहेर कोठेही दिवा नसतो. हे का होते? पडद्याला दुखणे ठाऊकच नाही. वेदना वाहून नेणारे तंतू त्याच्यात नसतात. त्याला प्रकाशाचीच काय ती भाषा येते. म्हणून त्याला आतून ओढ बसली की तो ती 'प्रकाश' म्हणून मेंदूला कळवतो. ज्या ठिकाणी दुसरा अवयव कळ मारून हाक देईल, तेथे पडदा चमक दाखवून हाक देतो.

दुसरी खूण म्हणजे ठिपके. डोळ्यांसमोर काळे ठिपके, धागे, जाळ्या किंवा माशी उडावी तसे काहीतरी एकाएकी तरंगू लागते. नजर फिरवली की तेही फिरते. कोणाला काजळीचा पाऊस पडल्यासारखे वाटते. आतली बारीक रक्तवाहिनी तुटून रक्ताचे कण गरात मिसळले, तर असा पाऊस दिसतो. एखाददुसरा ठिपका पुष्कळांना वर्षानुवर्षे दिसत असतो, त्याची काळजी करण्याचे कारण नाही. काल नव्हते आणि आज एकदम पुष्कळ दिसू लागले, ही धोक्याची सूचना समजावी.

तिसरी खूण म्हणजे सावली. दिसणाऱ्या चित्राच्या एका कडेने काळी किंवा करडी सावली आत सरकू लागते. खिडकीवर कोणी एका बाजूने गोणपाट ओढावे, तसे. ही सावली डोळे चोळून जात नाही, पाण्याने धुवून जात नाही. ती दिसली म्हणजे पडदा सुटू लागला आहे, असेच धरून चालावे. येथे एक बारकावा सांगण्यासारखा आहे. डोळ्यात चित्र उलटे पडते, त्यामुळे पडद्याचा वरचा भाग सुटला की सावली खालून येते. आणि वरचा भाग सुटला तर पाणी स्वतःच्या वजनाने खाली उतरत जाते, म्हणून तो झपाट्याने सुटतो. खालून वर चढणारी सावली दिसली तर अधिकच घाई करावी.

या खुणा असूनही माणसाला त्या उशिरा का कळतात? कारण आपल्याला डोळे दोन आहेत. एका डोळ्याने जे गाळले, ते दुसरा भरून काढतो. म्हणून एक साधी तपासणी सांगतो. दोन्ही डोळे उघडे ठेवून नव्हे, तर एक डोळा तळहाताने अलगद झाकून, भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे किंवा समोरच्या दाराच्या चौकटीकडे पाहा. चौकटीचे चारही कोपरे दिसतात का? एखादा कोपरा गायब आहे का? एखादी उभी कड वाकडी झाली आहे का? मग दुसरा डोळा झाकून हेच करा. याला पैसा लागत नाही आणि दोन मिनिटांहून जास्त वेळ लागत नाही. पण एक सांगून ठेवतो. ही तपासणी पार पडली, सगळे कोपरे दिसले, तरी नवी चमक किंवा नवे ठिपके असतील तर डॉक्टरकडे जायचेच. छिद्र पडलेले असते आणि सावली अजून यायची असते, तीच तर उपायाची सर्वांत चांगली वेळ.

उशीर कसा होतो, हे एका उदाहरणाने पाहू. समजा, साठीच्या घरातले एक शेतकरी आहेत. सोयाबीनची काढणी चालली आहे. सोमवारी संध्याकाळी ते गोठ्यात शिरतात आणि उजव्या डोळ्याच्या कडेला त्यांना वीज चमकल्यासारखे वाटते. बाहेर येऊन पाहतात तो आभाळ निरभ्र. मंगळवारी डोळ्यांसमोर माश्या उडू लागतात. ते हाताने वारतात, तरी हटत नाहीत. मुलगा विचारतो, "आबा, दुखतंय का?" ते म्हणतात, "न्हाई रं, दुखत काईच न्हाई." मुलगा म्हणतो, "मग मळणी झाली की जाऊ तालुक्याला." बुधवारी खालच्या बाजूला काळी कड दिसू लागते. चष्म्याचा नंबर वाढला असेल, असे घरात ठरते. गुरुवारी बाजारातून डोळ्यात घालायचे थेंब येतात. शेजारची आजी मध घालायला सांगते. शनिवारी समोरच्या माणसाचे पाय दिसत नाहीत, रविवारी तोंड दिसत नाही. सोमवारी मळणी तशीच टाकून मुलगा त्यांना मोठ्या गावी नेतो.

हे माणूस आणि हे घर कल्पनेतले आहे. पण यातली एकेक पायरी आपल्या ओळखीची नाही का? मुलाचे बापावर प्रेम नव्हते असे नाही. पैसा नव्हता असेही नाही. त्याने विचारलेला प्रश्न तेवढा वेगळा हवा होता. "दुखतंय का?" हा प्रश्न येथे कामाचा नाही. "कधीपासून दिसतंय? एकाएकी झालं का?" असे त्याने विचारले असते आणि "परवा संध्याकाळी, एकदम" असे उत्तर आले असते, तर मळणी एक दिवस थांबवणे त्याला जड गेले नसते. एका दिवसाची मळणी पुन्हा करता येते, श्रोतेहो.

दिवसादिवसाचा हिशेब का करायचा, तेही सांगतो. पडद्याच्या बरोबर मध्यभागी एक लहानशी जागा असते, तिला पीतबिंदू म्हणतात. वाचणे, सुईत दोरा ओवणे, माणसाचा चेहरा ओळखणे ही सगळी बारीक कामे या जागेच्या बळावर चालतात. पडदा कडेने सुटत आला आहे, पण पीतबिंदू अजून जागेवर आहे, अशा वेळी उपचार झाले तर दृष्टी बहुधा पहिल्यासारखी राहते. म्हणून अशा रुग्णावर डॉक्टर शक्यतो दिवसभरात, फार तर दुसऱ्या दिवशी, शस्त्रक्रिया करतात. पीतबिंदू एकदा सुटला की पडदा पुन्हा बसला तरी नजर बहुधा पूर्वीइतकी स्वच्छ होत नाही. पण तेव्हाही 'आता गेलाच डोळा' म्हणून घरी बसू नये. पहिल्या काही दिवसांत पडदा बसवला तर बरीच दृष्टी परत मिळू शकते. उशीर झालाच असेल, तर आणखी उशीर करण्याला ते कारण होत नाही.

हा आजार कोणाला होतो? दरवर्षी साधारणपणे दहा हजार माणसांत एकाला तो होतो. म्हणजे मोठ्या गावात वर्षाकाठी एखादा माणूस. त्यामुळे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी तो पाहिलेला नसतो, आणि 'आमच्यात असं कधी ऐकलं नाही' असे सांगणारे पुष्कळ भेटतात. काही माणसांना मात्र धोका अधिक असतो. ज्यांना लांबचे दिसत नाही आणि ज्यांच्या चष्म्याचा उणे नंबर मोठा आहे, त्यांचा डोळा लांबट असतो. फुगा जास्त फुगवला की त्याचे रबर पातळ होते, तसा अशा डोळ्यातला पडदा ताणून पातळ झालेला असतो. अशांना हा आजार तरुण वयातही होऊ शकतो. ज्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, ज्यांच्या डोळ्याला जोराचा मार लागला आहे, ज्यांच्या एका डोळ्याचा पडदा पूर्वी सुटला आहे किंवा ज्यांच्या आईवडिलांना, भावंडांना हा आजार झाला होता, त्यांनीही सावध असावे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करू नये, असा याचा अर्थ मुळीच नाही. ती जरूर करावी. पण त्यानंतर महिन्यांनी किंवा वर्षांनी चमक दिसली, तर 'ऑपरेशन झालेलंच आहे' म्हणून गाफील राहू नये. मधुमेह्यांच्या डोळ्यात पडदा निराळ्या रीतीने सुटतो. तेथे पडद्यावर नको त्या रक्तवाहिन्या व व्रण तयार होतात आणि तेच पडद्याला ओढून काढतात. म्हणून मधुमेह असणाऱ्याने दृष्टी चांगली असली तरी वर्षातून एकदा पडद्याची तपासणी करून घ्यावी.

घाबरून जाऊ नये म्हणून दुसरी बाजूही सांगतो. डोळ्याचा प्रत्येक त्रास म्हणजे हा आजार नव्हे. मोतीबिंदूत नजर महिनोन्‌महिने हळूहळू धुकट होत जाते; तेथे थोडे थांबता येते. डोळे येतात तेव्हा ते लाल होतात, चिकटतात, खुपतात. अर्धशिशीच्या आधी काहींना नागमोडी चमकत्या रेघा दिसतात. त्या बहुधा दोन्ही डोळ्यांना दिसतात आणि अर्ध्या-पाऊण तासात जातात. आणि नवे ठिपके व चमक घेऊन डॉक्टरकडे गेलेल्या माणसांतही बहुतेकांना गर अलग झाल्यापलीकडे काही झालेले नसते. सात जणांत साधारण एकाच्या पडद्याला छिद्र सापडते. पण तो सातवा आपण आहोत की नाही, हे घरी बसून कळण्याचा मार्ग नाही. त्यासाठी औषध घालून बाहुली मोठी करावी लागते आणि खास साधनाने आत डोकवावे लागते. तपासणीत काही निघाले नाही तर आनंदाने परत यावे. मात्र डॉक्टर चार-सहा आठवड्यांनी पुन्हा बोलावतात, तेव्हा जावे; कारण छिद्र कधी कधी मागाहून पडते.

आता उपायांविषयी. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या आजाराला उपायच नव्हता, असे म्हटले तरी चालेल. १८५१ साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने जिवंत माणसाच्या डोळ्यात आतपर्यंत पाहण्याचे साधन जगापुढे मांडले, आणि सुटलेला पडदा डॉक्टरांना दिसू लागला. पण दिसला तरी करायचे काय? दोन्ही डोळ्यांना पट्ट्या बांधून माणसाला आठवडेच्या आठवडे अंथरुणावर निजवून ठेवत. गुण क्वचितच येई. स्वित्झर्लंडमधल्या लोझान गावचे डॉक्टर ज्यूल गोनँ यांनी वर्षानुवर्षे रुग्ण तपासून एक गोष्ट धरून ठेवली. पडदा सुटतो याचे मूळ त्याला पडलेल्या छिद्रात आहे. छिद्र शोधा आणि बुजवा, पडदा बसेल. तापवलेल्या शस्त्राने छिद्राच्या जागी डाग देऊन त्यांनी ते बुजवून दाखवले. पुष्कळांनी आधी विश्वास ठेवला नाही. १९२९ साली ॲमस्टरडॅमला भरलेल्या नेत्रवैद्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मात्र त्यांचे म्हणणे जगाने मान्य केले. आजच्या सगळ्या शस्त्रक्रिया त्याच एका विचारावर उभ्या आहेत.

पुढची गोष्ट आपल्याला ग्रहणाची आठवण करून देणारी आहे. ९ जुलै १९४५ रोजी युरोपात सूर्यग्रहण दिसले. ते उघड्या डोळ्यांनी पाहिल्यामुळे पडद्यावर भाजल्याचा डाग पडलेला एक विद्यार्थी जर्मनीतले डॉक्टर मायर-श्विकेराथ यांच्याकडे आला. त्यांच्या मनात आले, सूर्याचा प्रकाश पडद्याला डाग देऊ शकतो, तर तोच डाग छिद्राभोवती मुद्दाम का देऊ नये? त्यांनी आरशांच्या मदतीने छतावरचे ऊन खाली आणून रुग्णांच्या डोळ्यात नेमके पाडले आणि छिद्रे बंद केली. उन्हाची जागा पुढे विजेच्या प्रखर दिव्याने घेतली आणि त्यानंतर लेसरने.

आज केवळ छिद्र पडले असेल आणि पडदा सुटलेला नसेल, तर छिद्राभोवती लेसरचे किंवा अतिथंड उपकरणाचे डाग देतात. शेताला बांध घालतो तसा तो बांध असतो. पाणी त्याच्या पलीकडे जात नाही. चिरफाड नाही, मुक्काम नाही. माणूस बहुधा त्याच दिवशी घरी येतो. डाग पक्के व्हायला मात्र एक-दोन आठवडे लागतात, तोवर डॉक्टरांची पथ्ये पाळावी. पडदा सुटलाच असेल तर शस्त्रक्रिया लागते. काही वेळा डोळ्याच्या बाहेरून सिलिकॉनची पट्टी बसवून भिंतच पडद्याकडे दाबतात. काही वेळा आतला गर काढून त्या जागी वायूचा बुडबुडा किंवा सिलिकॉनचे तेल भरतात, म्हणजे पडदा आतून भिंतीला टेकून राहतो. गर काढण्याची ही रीत १९७० नंतर अमेरिकेत डॉक्टर रॉबर्ट माखेमर यांच्या कामामुळे रूढ झाली. पहिल्याच शस्त्रक्रियेत दहांतल्या आठ-नऊ जणांचा पडदा जागेवर बसतो. उरलेल्यांपैकी काहींना पुन्हा शस्त्रक्रिया करून यश येते.

शस्त्रक्रियेच्या वेळी डोळा बाहेर काढून ठेवतात, असा एक समज खेड्यापाड्यांत आहे आणि त्या भीतीने माणसे पाऊल मागे घेतात. हे खरे नाही. डोळा आपल्या जागीच असतो. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर मान विशिष्ट बाजूला ठेवायला सांगतात, कित्येकदा पालथे निजायला सांगतात. बुडबुडा नेमका छिद्रावर दाबून राहावा म्हणून ही कसरत असते. ती कंटाळवाणी खरी, पण गुण येणे तिच्यावर अवलंबून असते. डोळ्यात वायू असेपर्यंत विमानाने जाऊ नये. आणखी एक गोष्ट आपल्याकडे विशेष महत्त्वाची. उंचावर हवा विरळ होते आणि वायू फुगतो, त्यामुळे डोळ्यातला दाब वाढतो. म्हणून शस्त्रक्रिया कोकणात किंवा मुंबईला झाली असेल आणि गाव घाटमाथ्यावर असेल, तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज घाट चढू नये. याच काळात दुसऱ्या कशासाठी भूल घ्यावी लागली, तर डोळ्यात वायू आहे हे भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगावे.

खुणा दिसल्या तर प्रत्यक्षात काय करायचे? मध, कांद्याचा रस, एरंडेल, तूप यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये. दुकानातले थेंब पडद्यापर्यंतचे काम करत नाहीत. चष्म्याच्या दुकानात नंबर काढून हा आजार कळत नाही. नजर उतरवण्यात किंवा बाहेरचे पाहण्यात जो दिवस जातो, तो डोळ्याच्या खात्यातून जातो. डोळा चोळू नये, ओझे उचलू नये. स्वतः गाडी चालवत जाऊ नये. तपासणीत बाहुली मोठी केल्यावर काही तास धुकट दिसते, म्हणून कोणीतरी बरोबर न्यावे. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाणे सोयीचे असेल तर जावे, पण तेथून त्याच दिवशी पुढची चिठ्ठी घ्यावी. जिल्हा रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय किंवा जेथे पडद्याचे डॉक्टर आहेत असे नेत्ररुग्णालय गाठावे. खर्चाची धास्ती असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून शासनाच्या आरोग्य योजनेची चौकशी करावी. शिधापत्रिका आणि आधार कार्ड सोबत असू द्यावे.

आणि तेथे गेल्यावर रांगेत मुकाट्याने बसून राहू नये. 'डोळ्याला कमी दिसतंय' एवढेच सांगितले तर तुमचा नंबर मोतीबिंदूच्या रांगेत लागेल. सांगायचे ते असे: "कालपासून एकाएकी या डोळ्यात चमक दिसते, काळे ठिपके आलेत, एका बाजूनं सावली आली आहे. पडदा सुटला का, ते आजच बाहुली मोठी करून पाहा." हे वाक्य घरातल्या प्रत्येकाला म्हणता आले पाहिजे.

शेवटी शिक्षकबंधूंना आणि भगिनींना दोन शब्द. आपल्या वर्गात पुढे सरकून फळा पाहणारे, डोळे बारीक करून वाचणारे एखादे मूल असते. त्याला आळशी न समजता त्याचे डोळे तपासून घ्या. मोठा उणे नंबर निघाला तर पालकांना या तीन खुणा सांगून ठेवा. विटी, चेंडू, बेचकीतला दगड, धुळवडीचा पाण्याचा फुगा किंवा फटाका डोळ्याला लागला, तर 'लाली गेली, बरं झालं' एवढ्यावर सोडू नका. मार लागल्यानंतर पडदा कित्येकदा आठवड्यांनी, महिन्यांनी सुटतो आणि मूल बोलत नाही, कारण त्याला दुखत नाही. अशा मुलाची पडद्याची तपासणी झालीच पाहिजे. विज्ञानाच्या तासाला डोळ्याची आकृती आपण काढतोच. त्या दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात 'चमक, ठिपके, सावली' हे तीन शब्द लिहा आणि मुलांना सांगा, की आज घरी जाऊन आजीआजोबांचा एकेक डोळा झाकून पाहा. घरोघर जाऊन सांगणे आपल्याला जमणार नाही. मुले ते सहज करतील.

तेव्हा श्रोतेहो, विंचू चावल्यावर आपण ज्या तातडीने धावतो, त्याच तातडीने या न दुखणाऱ्या डोळ्यासाठी धावा. चमक, ठिपके, सावली यांतले काहीही एकाएकी दिसले तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला. शेतातले काम वाट पाहील.